संतोषच्या कम्युनिटीचा फ्लेक्स

कम्युनिटीचं कौतुक मला सांगू नका राव, मी बघितलीय ती. आमच्या शेजारचा संतोष चाकणच्या कंपनीतनं शिफ्ट संपवून आला की कॉम्प्युटरला चिकटायचा. फारसं कुणी वापरत न्हाई अशा एका प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइट बनवायचा सांगाडा सगळ्यांसाठी फुकट बांधत होता. "एकट्याला झेपत नाही, हात लावा, नाहीतर बंद करतो," असं ती भाषा वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर सारखं लिहायचा; त्या ग्रुपलाच कम्युनिटी म्हणायचा. कुणी हूं की चूं करायचं न्हाई.

मला आली लहर. त्याच्याच फोनवरून ग्रुपवर टाकलं, "पिंपळे गुरवच्या चौकात कम्युनिटीचा फ्लेक्स लागतोय. फोटो पाठवा."

चहा निवायच्या आत फोटोंची रांग! एकानं तर फेटा बांधलेला.

मग म्हणलं, छापूच. संतोषला घेऊन दुकानात गेलो. फ्लेक्सवाला म्हणाला, "काका, एक फोटो बसत नाही. कुणाचा काढू?"

मी हसत संतोषकडं बघितलं. तो काय हसला न्हाई.

"माझा काढा," म्हणाला. "पण त्यांना विचारा, आतातरी कामाला कोण येतंय?"

विचारलं. बऱ्याच वेळानं एकाचं उत्तर आलं, "भावा, माझा फोटो जरा वरच्या रांगेत घे ना."