व्हायोलिनची हाळी

कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोघी जावा, सासूला आत्ती म्हणणाऱ्या. थोरली उचगावात राहणारी, धाकटी गडहिंग्लजकडून आलेली.

“अक्का, ती नॉर्वेची पोरगी आठवती न्हवं?”

“ती स्कॉलरशिपवाली? आत्तींची म्हशीला द्यायची हाळी टेप करून नेली ती?”

“व्हय. नवं संगीत लिवणाऱ्या पोरास्नी तिकडं स्कॉलरशिप देत्यात म्हणं. तिनं ती हाळी व्हायोलिनवर बसवली आन् व्हिडिओ धाडला.”

“सासू जाऊन सहा म्हैनं झालं की गं.”

“तर काय. गोठ्यात लावला, तर म्हशीनं उभ्या उभ्या पान्हा सोडला.”

“सोडंल की. त्यात काय एवढं?”

“पुढं ऐक. आत्ती दोनदा म्हशीला हाळी द्यायच्या आन् तिसऱ्यांदा मला हाक मारायच्या, बादली आण म्हणून. त्या पोरीला काय कळतंय! तिनं ती बी हाळीच समजून वाजवली. सूर अगदी त्योच, शालेऽऽ.”

“मग?”

“सवयीनं तोंडातनं ओ गेली.”

“मेलेल्या माणसाला ओ दिलीस?”

“व्हिडिओ पुसून टाकला मी. तरी रोज दिवस मावळला की हाक येती.”

“कान बिघडलाय तुझा. डॉक्टर बघतोय की आता.”

“माझा बिघडलाय म्हण. मग रोज हाकंबरोबर म्हस का उठती?”

थोरलीने पदर कानावर ओढला.

आतून, पडद्याआडून आवाज आला, “शालूबाई!”

“आलो...” धाकटी उठायला लागली.

“गप! ओ देऊ नगंस. आदी माणूस दिसू दे.”