दादा आता थांबत नाहीत

हॅलो?… हॅलो… हो, बोला. जरा मोठ्यानं बोला हं, लाईनवर खरखर आहे.

हो, हाच नंबर… हो, रेडिओवर प्रवचन संपताना सांगतात ना, तोच. घरचाच आहे… कुठून बोलताय?… अरे बापरे, एवढ्या लांबून!

दादा?… दादा ना… झोपलेत. आत्ताच डोळा लागलाय. मी त्यांची बायको. माझ्याकडे निरोप द्या, पोचवते.

वहिनी म्हणा ना, खुशाल म्हणा. सगळे तेच म्हणतात.

सर्दी?… कुणाला सर्दी?… अच्छा, कालच्या प्रवचनात. आवाज बसला होता म्हणता?… हो, ती सर्दी… बरी झाली. बरी आहे आता.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या… हो, सांगते. सांगते हो. कुणाचं ऐकत नाहीत ते, पण सांगते.

उठवू? नाही हो, उठवता नाही यायचं… म्हणजे, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलीय. ताई, ऐका ना… ताई, ऐका तर… उद्या? उद्या ते बाहेरगावी जाणार.

हो, झोपलेत आणि उद्या बाहेरगावी. काय करणार, स्वभावच तसा आहे, बूड टेकत नाही एका जागी.

…

ताई?… रडताय का तुम्ही?… अहो, काय झालं?

रागावलेत? दादा? तुमच्यावर?… छे हो, ते कशाला रागावतील!

थांबत नाहीत म्हणजे?… नाही, मला काही कळलं नाही. पहिल्यापासून सांगा. मला घाई नाहीये… एक मिनिट हं, गॅसवर दूध ठेवलंय, बंद करून येते.

…

हं, आले. वाचलं दूध. बोला.

मिस्टर घड्याळं दुरुस्त करतात… करायचे. हं… चौकातल्या दुकानात?… हो… आणि मग झटका आला. वाचा गेली… उजवा हातही? म्हणजे कामाचाच हात गेला… अरेरे. अरेरेरे.

हो, बरोबर आहे, बोलणं गेलं की माणूस असून नसल्यासारखा होतो… घरात फक्त तुम्ही दोघंच?… हं.

आणि संध्याकाळी रेडिओ आता तुम्हीच लावता… नाही ना जमत त्यांच्यासारखा काटा? केसभर सरकला की कुठल्या तरी परक्या भाषेतला बाप्या बातम्या द्यायला लागतो. ठाऊक आहे मला. आणि वाऱ्यानं तार हलली की शिट्टी… तार कुठं बांधलीय?… कपडे वाळत घालायच्या दोरीला! अहो, मग ओले टॉवेल तरी नका टाकत जाऊ त्याच्यावर.

हो, दादा म्हणतात तसं. प्रवचनाच्या मध्येच म्हणतात, "आता तुम्ही बोला. मी थांबतो."… हो, थांबायचे. बराच वेळ थांबायचे… हो.

तेव्हा मिस्टर बोलायचे?… वाचा गेल्यावरही?… काय म्हणायचे?

"अगं"?

नुसतं "अगं"?… रोज?… आणि पुढे काय?… पुढे काहीच नाही. हं.

…

नाही, ऐकतेय. ऐकतेय मी.

डॉक्टर म्हणतात तो शब्द नाही, नुसता घशातला आवाज आहे? म्हणू देत. डॉक्टरांना कुठं कुणी "अगं" म्हणून हाक मारतंय! ज्याला हाक मारतात त्यालाच कळतं ते… मग तुम्ही काय म्हणायच्या?… "काय हो"… आणि जवळ जाऊन उशी सारखी करायच्या. बरोबर. दुसरं काय करणार माणूस.

दिवसभरात तेवढंच बोलणं तुमचं दोघांचं. हं… अहो, तेवढं थोडं नाही हो. बोलता येणाऱ्यांचंसुद्धा तेवढं होत नाही.

आणि आता दादा थांबतच नाहीत… "आता तुम्ही बोला" म्हणतात आणि लगेच पुढचं सुरू?… अजिबात नाही थांबत?… मिस्टरांचे ओठ हलेपर्यंत दादा आपले पुढे गेलेले… कधीपासून असं?

अच्छा… आणि आता त्यांनी भिंतीकडे तोंड केलंय… जेवतही नाहीत?… पाणी?… चमच्यानंही नाही घेत? दात आवळून धरतात?… अहो ताई… रडू नका. नाही, रडा, रडून घ्या.

तुमची कसली चूक त्यात?… एक दिवस रेडिओ लावला नाहीत. बरं, मग?… भाची आली होती, गप्पांत वेळ कळली नाही. बरं… आणि दुसऱ्या दिवसापासून दादा थांबायचे बंद झाले. म्हणून तुम्हाला वाटलं, दादांनी… अगं बाई!

ताई, तुम्ही रेडिओ लावला नाहीत हे दादांना इथं बसून कसं कळणार?… नाही, हसत नाहीये मी. देवाशप्पथ नाही हसत. माफी कसली मागताय त्यांची? नका हो, नका असं बोलू.

थांबा. थांबा जरा… मला एक आठवतंय.

स्टेशनवरून फोन आला होता मला. नवं यंत्र आलंय म्हणे त्यांच्याकडे. कुणी बोलायचं थांबलं की त्या यंत्राला वाटतं कार्यक्रम बंद पडला, बिघाड झाला. मग ते आपलं आपणच गाणं लावून देतं. इंजिनीअर म्हणाला, वहिनी, आम्ही दादांच्या सगळ्या टेपा साफ करून घेतोय. मी म्हटलं, करा की. मला वाटलं खरखर काढणार, जुन्या आहेत, धूळ बसली असेल. थांबलेल्या जागाच कापताहेत असं मला काय ठाऊक!

हो… हो, टेपा.

तसं नाही हो, दादा टेपवर बोलतात म्हणजे…

ताई, बसला आहात ना तुम्ही?… खुर्ची घ्या. घ्या आधी.

दादा नाहीत.

नाही, बाहेरगावी नाही… नाही, झोपलेलेही नाहीत. मघाशी खोटं बोलले मी. नाहीत ते. गेले… मागच्या हिवाळ्यात नाही, त्याच्याही आधीच्या.

काल बोलले ती टेप होती. ती सर्दीही तेव्हाचीच. ती काही आता बरी व्हायची नाही.

…

ताई?… आहात ना?

बोला काहीतरी. शिव्या दिल्यात तरी चालेल.

हो, फसवलंच. हो… तुमचं खरं आहे. स्टेशनवाले म्हणाले, सांगू नका, ऐकणारी माणसं तुटतील. पण त्यांच्या नावावर कशाला ढकलू? मलाच बरं वाटायचं. फोन येतो, कुणीतरी विचारतं, दादा आहेत का? मी म्हणते, झोपलेत. मग फोन ठेवीपर्यंत ते आतल्या खोलीत झोपलेले असतात. एकदा तर मी असं म्हणून वर दारही हळूच लोटून घेतलं… कळतंय ना मी काय म्हणतेय ते?

हं. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला.

नाही, मी नाही ऐकत रेडिओ. सेट माळ्यावर टाकलाय. माझं सगळं समोर बसून ऐकून झालंय. आवाज तेवढा येणार आणि माणूस येणार नाही, ते नाही सोसत मला.

काय?… कसली टिकटिक?

दादा थांबायचे तेव्हा?… घड्याळ? नाही हो, टेपा इथं घरीच करायचे, पण त्या खोलीत घड्याळ नव्हतंच. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजसुद्धा बंद करायचे, खिडक्यांना रजया टांगायचे. उन्हाळ्यात दूध नासायचं, आणि मी चकार शब्द काढायचा नाही. घड्याळ कुठून ठेवू देतील?

वाचा जायच्या आधी मिस्टर काय म्हणायचे?… "दादांचं घड्याळ मागे पडतंय"?… "एकदा जाऊन दुरुस्त करून द्यायला हवं"?… खरंच?… कानाला ऐकून?

अहो… अहो ताई… घड्याळ नाही हो ते. त्या माझ्या सुया. विणकामाच्या.

हो, मी. मी असायची ना समोर… सांगते ना. ऐका.

त्यांना थांबता यायचं नाही. भयंकर उतावळा माणूस. घरात माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. मी "आज भाजी" एवढं म्हणेपर्यंत हे "काहीही कर" म्हणून मोकळे. आणि रेडिओवर सगळ्या जगाला सांगायचे, बोला, मी थांबतो! सुरुवातीला तर श्वाससुद्धा न घेता पुढचं बोलायचे. मी म्हटलं, अहो, एवढ्यात कुणाचं काय बोलून होणार? माणसाला आधी धीर गोळा करावा लागतो. मग ठरलं, मी समोर विणत बसायचं, एक ओळ पुरी झाली की मान हलवायची, तोवर त्यांनी गप्प राहायचं. दिवसभराच्या कामानं दमलेली असले की ओळ सावकाश व्हायची. पडणारच घड्याळ मागे!

हसताय ना?… हसा. मलाही हसू येतंय.

…

हो. बरोबर बोललात. थांबायची ती मीच… मलाही हे आत्ताच, तुमच्याशी बोलता बोलता लक्षात येतंय. दादांचा शब्दन् शब्द आहे अजून, खोकला आहे, सर्दी आहे. मीच तेवढी कापली गेले.

नाही, ठीक आहे. ठीक आहे मी… नाकात बोलतेय कारण… सर्दी. हो. आता मला.

स्टेशनला सांगते ना. उद्याच सांगते. भांडते हवं तर. पण आता तुमच्याशी खोटं नाही बोलायचं मला. ते ऐकतीलच असं नाही. यंत्रापुढे माझं कोण ऐकतंय?

आणि उद्याचं उद्या. आज त्यांच्या पोटात पाणी नाही… जागे आहेत का?… डोळे उघडे आहेत ना?… मग ताई, फोनची वायर पलंगापर्यंत पोचते का?… टेबल ओढा की थोडं… शेजारच्या कुणाला बोलवायचं का?… बरं, ओढा तुम्हीच, सावकाश. कंबर सांभाळा.

छे, प्रवचन कुठलं येतंय मला! देवाबद्दल मला काही बोलता येत नाही, विचाराल तर भांडण आहे माझं त्याच्याशी. विणता येतं फक्त. थांबा, सुया बघते… ठेवू नका हं फोन. ठेवू नका.

…

…

मिळाल्या. कपाटात तळाशी होत्या, शालीखाली… सुयांवर अर्धी बाही तशीच आहे. त्यांचीच हो. हात नव्हता लावला मी… नाही, उसवत नाही. तीच पुढे विणते. कुणाला तरी येईल अंगाला.

लावा आता त्यांच्या कानाला. ज्या कानानं नीट ऐकू येतं त्या… आणि तुम्ही काही बोलायचं नाही, बरं का. मी फोन मानेत धरलाय, हात मोकळे आहेत माझे.

लावलात?

नमस्कार, घड्याळजी. मी दादांच्या घरून बोलतेय, वहिनी. तुमचं अगदी बरोबर होतं. मागेच पडतं आमचं घड्याळ.

आता तुम्ही बोला. मी थांबते.

…

…

ताई, शू. घाई नको. माझी ओळ व्हायचीय अजून.

…

…

…

काय हो?

…

अं?… नाही ताई, काही नाही… चुकून गेलं हो तोंडातून. ऐकलं आणि… सवय. रागावू नका.

हो, ऐकलं मी. अगदी स्पष्ट. घशातला आवाज-बिवाज काही नाही, शब्दच आहे तो, सांगा डॉक्टरांना… हो, हो, "अगं"च म्हणाले. मला नाही हो, मला कशाला म्हणतील! तुम्हालाच हाक मारतायत ते.

ऐका, परत म्हणतायत… मला इथं ऐकू येतंय, आणि तुम्ही माझ्याशी काय बोलत बसलात?… आभार राहू देत. अहो, ओ द्या ना त्यांना! ओ द्या, आणि पाणी पाजा. जा.

ठेवते मी.