शनिवारची पाळी

पद्माकर : मला फक्त एवढंच सांगा दादा, हात वर केला नाहीत ते तुम्हीच ना?

शशिधर : आधी आत तर ये. बूट काढ.

पद्माकर : बूट काढून बसायला नाही आलो मी. शुक्रवारपासून सगळ्या प्लांटमध्ये एकच चर्चा आहे. बेट्रीब्सराटमध्ये ठराव पडला, आणि पडला तो त्या इंडियनमुळे. लोक माझ्याकडे बघतात. त्यांना वाटतं, आपण दोघांनी मिळून ठरवलं.

नीलांबरी : बूट काढ पद्माकर, फरशी आत्ता पुसलीय. आणि कसला ठराव? हे शुक्रवारपासून तोंड शिवून बसलेत. कामगारांनी निवडून दिलंय यांना त्या बेट्रीब्सराट समितीवर, पण घरातल्या माणसाला काही सांगायचं नाही.

पद्माकर : मी सांगतो वहिनी. गाडीची सीट मागेपुढे सरकवणाऱ्या छोट्या मोटर आपण इथे इंगोलश्टाटला बनवतो, तशाच हंगेरीच्या प्लांटमध्येही बनतात. दोन्हीकडे पुरेल एवढं काम आता नाही. कंपनी म्हणाली, तुम्ही शनिवारची पाळी घ्या, हंगेरीचं काम आम्ही इकडे आणतो, आणि पाच वर्षं इथल्या एकाही माणसाला हात लावत नाही. लेखी. सिंपल. फक्त शनिवारसाठी बेट्रीब्सराटची संमती हवी. एक जण आजारी होता, त्यामुळे मतं समसमान झाली. समसमान म्हणजे ठराव गेला.

नीलांबरी : आणि हंगेरीचं काय होणार होतं?

पद्माकर : ते बंद.

शशिधर : गेनाऊ, नेमकं तेच. हे वाक्य सगळेच शेवटी सांगतात.

पद्माकर : वाईट मलाही वाटतं. पण मत तुम्हाला मी दिलं होतं, हंगेरीतल्या कुणी नाही दिलं.

शशिधर : हो. बरोबर आहे.

पद्माकर : नुसतं ‘हो, हो’ करू नका. फेब्रुवारीत अन्वीचं बाळंतपण आहे, मी बाप होणार आहे. माझा जॉब गेला तर दुसरा शोधायला मला काही महिने मिळतील, नाहीतर व्हिसा गुंडाळून पुण्याला. तुमच्या खिशात जर्मन पासपोर्ट आहे. तुम्हाला तत्त्वं परवडतात.

नीलांबरी : हे मात्र तो खरं बोलला.

शशिधर : मी कुठं खोटं म्हणतोय?

नीलांबरी : मग काहीतरी म्हणा. तुमचं हे खाली बघून मान हलवणं मी इतकी वर्षं बघतेय. समोरच्याला वाटतं, पटलं वाटतं यांना. आणि तुम्ही आतल्या आत भलतंच ठरवून मोकळे झालेले असता.

शशिधर : बरं, ऐक. पद्माकर, तू इथं लागलास त्याच्या आदल्या वर्षी हाच प्रश्न हंगेरीला विचारला होता. तुम्ही शनिवार-रविवार मशिनं चालवा, इंगोलश्टाटची लाइन उचलून तुमच्याकडं आणतो. इल्डिको म्हणून तिथली युनियनची बाई आहे. तिनं सभा घेतली आणि लोकांनी नाही म्हटलं. आपल्या निम्म्याइतकाही पगार नसलेल्या माणसांनी. म्हणून ही लाइन इथं राहिली, आणि तुझ्या जागेची जाहिरात निघाली.

पद्माकर : त्यांनी आपल्यासाठी केलं नसणार. त्यांना त्यांचा शनिवार-रविवार हवा असेल.

शशिधर : असेल. दोन्ही असेल.

पद्माकर : आणि आज तिला विचारलं असतं, तर ती परत नाही म्हणाली असती?

शशिधर : माहीत नाही.

पद्माकर : घ्या. म्हणजे यांनाच खात्री नाही. वहिनी, मी वेडा होईन.

शशिधर : अरे, खात्री कुणाला आहे? मी ब्रसेल्सला कंपनीच्या युरोपियन समितीत कानाला भाषांतराचे हेडफोन लावून वर्षानुवर्षं बसतोय. सगळ्या युरोपात कामगाराला सारखे हक्क, एका देशातल्यानं दुसऱ्याला पाडून जगायचं नाही. पोर्तुगालचा माणूस बोलतो, पोलंडचा बोलतो, टाळ्या होतात. आणि विमानात बसायच्या आत प्रत्येक जण आपापल्या प्लांटचं जमवून मोकळा. मीही जमवलंय. दोनदा. शुक्रवारी हात वर करायची वेळ आली आणि मला नुसता वीट आला. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात.

नीलांबरी : वीट आला म्हणून?

शशिधर : हो.

नीलांबरी : मी काम करते त्या वृद्धाश्रमात मला रोज दुपारी वीट येतो. मी कुणाच्या नोकऱ्या टांगणीला लावत नाही.

पद्माकर : थँक यू, वहिनी.

नीलांबरी : तू खूश होऊ नकोस. हंगेरीतल्या माणसांची चूल विझवून तुला शनिवारी ओव्हरटाइम हवा होता. अहो, मला एक सांगा. या इल्डिकोला हे कळलंय का?

शशिधर : कळलंय.

पद्माकर : कसं? ते तर सगळं गोपनीय होतं. मलासुद्धा शुक्रवारनंतर समजलं.

शशिधर : मी सांगितलं.

पद्माकर : कधी?

शशिधर : मतदानाच्या आदल्या दिवशी. फोन केला.

(पद्माकर खुर्ची मागे सारून उठतो, खिडकीपर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.)

नीलांबरी : बाल्कनीत. कोट न घालता उभे होतात. मी विचारलं तर म्हणालात, विम्याचा फोन होता.

शशिधर : कारखाना बंद करायचा तर तिथल्या माणसांशी आधी बोलायचं, असा युरोपचा नियम आहे. ती माझ्याच शेजारी त्या युरोपियन समितीत बसते. मला कळलं त्याच दिवशी तिला कळायला हवं होतं. कंपनीनं नुसता शिक्का मारला, बाहेर बोलायचं नाही म्हणून.

नीलांबरी : नियम राहू दे. कंपनी काय म्हणते?

शशिधर : उद्या सकाळी बोलावलंय.

नीलांबरी : काढतील तुम्हाला?

शशिधर : समितीतल्या माणसाला सहजासहजी काढता येत नाही. प्रयत्न करतील. मग कोर्ट, वकील.

नीलांबरी : आणि हे माहीत असताना काल तुम्ही माझ्याबरोबर दुकानादुकानात पडदे बघत फिरलात.

शशिधर : पडदे घ्यायचेच होते.

नीलांबरी : मी तुम्हाला विचारत होते, हिरवा की राखाडी. तुम्ही म्हणालात, राखाडी मळत नाही. मला वाटलं, चला, आज माणूस जरा घरात आहे. अहो, तुम्ही मला विचारू नका, निदान सांगत तरी जा.

शशिधर : चुकलं माझं.

पद्माकर : म्हणजे आता नक्की काय झालंय? तिकडून काय?

शशिधर : इल्डिकोच्या लोकांनी वकील गाठला. कंपनीनं दोन्हीकडचं सगळं थांबवलंय. जानेवारीत आम्हाला आणि त्यांना एकत्र बोलावणार आहेत.

पद्माकर : आणि आमची पाच वर्षं?

शशिधर : थांबलीत. गेली का, ते मलाही सांगता येत नाही. युनियन म्हणतेय, दोन्हीकडं आठवडा थोडा छोटा करायचा आणि आहे ते काम वाटून घ्यायचं.

पद्माकर : पगारही छोटा.

शशिधर : थोडा. हो.

पद्माकर : हे अन्वीला कोण सांगणार?

शशिधर : मी येतो सांगायला.

पद्माकर : नको. ती तुम्हाला घरात घेणार नाही.

नीलांबरी : तिनं घेऊच नये. पण फोनवर ती बाई यांना म्हणाली तरी काय? आभार वगैरे?

शशिधर : नाही. म्हणाली, तुझ्या जागी मी असते तर कदाचित हात वर केला असता.

पद्माकर : हे ऐकल्यावरसुद्धा तुम्ही दुसऱ्या दिवशी केला नाहीत.

शशिधर : नाही केला.

नीलांबरी : पिठलं गरम आहे. जेवून जा, आणि अन्वीसाठी डबा भरून देते. तिला म्हणावं, वहिनीला पण आजच कळलं.

पद्माकर : मला तुमचं पटलेलं नाही दादा. हे क्लिअर असू दे. उद्या कुणी विचारलं तर मी तसंच सांगणार आहे.

शशिधर : सांग. सांगायलाच हवं.

पद्माकर : उद्या कसे जाणार आहात?

शशिधर : नेहमीसारखा. बसनं.

पद्माकर : बस मेन गेटलाच थांबते. रात्रपाळी सुटून सगळे तिथेच उभे असतात. मी न्यायला येतो. मागच्या गेटनं जाऊ.

शशिधर : मागच्या नको. मी पुढूनच जाईन.

पद्माकर : ठीक आहे. मग जरा लवकर निघू. पार्किंगपासून पुढच्या गेटपर्यंत बरंच चालावं लागतं.