कोपरा फाडलेलं कार्ड

— नाही हो रावसाहेब, मिशीही जाणार, वडील गेलेत म्हटल्यावर मिशी राहत नाही — शेंडी ठेवतो, काळजी करू नका. मान जरा खाली. हात हलका आहे माझा, सात वर्षांत या रामकुंडावर एकाचंही रक्त काढलेलं नाही — तो पलीकडे पागोटंवाला म्हातारा बसलाय ना, तो माझा बाप, कोंडाजी, त्याच्या हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे — शिकायला खरं तर पुण्याला गेलो होतो. हसा, हसा, मीही हसतो. कॉलेजात होतो मी. पाच महिने.

कोणी धाडलं? सिन्नरच्या एका वकीलसाहेबांनी. न्हाव्याचा पोरगा मॅट्रिक झाला याचा माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद — महिना बारा रुपये लावून दिले. वकीलच ते, कागदावर कलम घातलं — मधेच कॉलेज सोडलं तर सगळी मदत परत, घरात मृत्यू झाला तर माफ. मी ऐटीत सही ठोकली. आणि तिथं जाऊन केलं काय? पहिल्याच रविवारी बोर्डिंगात कळलं की हा गोरक्ष न्हाव्याचा, की लागली रांग — अख्ख्या बोर्डिंगाची डोकी केली मी, माझ्या डोक्यात मात्र लॉजिकचं अक्षर शिरलं नाही. सहामाहीत सगळीकडे नापास, इंग्रजीत तर तेरा. बरं, ते साल मिठाच्या सत्याग्रहाचं, पोरं देशासाठी कॉलेज सोडत होती — मीही तसंच सांगितलं असतं तर आज हारतुरे घेत फिरलो असतो. तेवढंसुद्धा सुचलं नाही. मला काय सुचलं?

हळू बोलतो — म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. मी बापाला मारलं. अर्ध्या आण्याच्या कार्डावर. 'वडील देवाघरी गेले, घर माझ्यावर आलं, कॉलेज सोडतो' — आणि मयताची बातमी म्हणून कार्डाचा कोपराही फाडला. रीतीला मी चुकत नाही.

वाटलं, सुटलो. आठव्या दिवशी दहा रुपयांची मनीऑर्डर आली, खाली दोन ओळी — 'मदत परत करू नका. वडिलांचं दिवसकार्य नीट करा.' आणि वडील शेजारी बसून भाकरी खातायत. कसले पैसे, बाप म्हणाला. बक्षीस, म्हटलं. त्या पैशांतून हा वस्तरा घेतला — विलायती आहे, आता तुमच्या डोक्यावर चाललाय तोच.

हलू नका. हो, ते वकीलसाहेब म्हणजे तुमचेच वडील. मघाशी उपाध्यांनी तुमचं गाव-नाव पुकारलं तेव्हा बाप उठत होता, मीच त्याला बसवलं, म्हटलं हे डोकं माझं. या हत्यारांच्या धोकटीच्या तळाशी फडक्यात त्यांचे सत्तर रुपये बांधलेत, जमून दोन वर्षं झाली. सिन्नर काय लांब आहे? तीनदा मोटारीत बसलो आणि तिन्ही वेळा नाशिकरोडला उतरून चालत परत आलो — समोर गेलो आणि त्यांनी विचारलं, वडिलांचं कसं झालं रे, तर? घाटावर काळा कोट दिसला तरी तांब्या घेऊन कुंडाच्या दुसऱ्या टोकाला पळायचो, वळूनही बघायचो नाही. लाज वाटायची, दुसरं काय. आता विचारणारे गेले, तेव्हा मी शूर झालो. घ्या तेवढे, माझ्या मानेवरचं ओझं —

काय म्हणालात? ते यायचे? कोर्टाची तारीख असली की — इथं, रामकुंडावर? आणि दाढी कोणाकडे करायचे? त्या — त्या पागोटंवाल्याकडे? कधीपासून? ... त्याच वर्षापासून. कोंडाजी कोणता, असं नाव विचारून.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मग मला का नाही बोलले? ... 'त्याचा तो येईल', असं म्हणायचे? सात वर्षं?

थांबा हं. नाही, पैसे राहू द्या, ते नंतर बघू. अर्धं डोकं राहिलंय तुमचं.

बा, इकडं ये जरा. नाही, लागलं नाही कोणाला. सिन्नरच्या वकीलसाहेबांचे चिरंजीव आहेत. एवढं डोकं तू पुरं कर. माझा हात चालत नाही.