सौ. सुचित्रा विमानातून न उतरल्याबाबत

मी, श्याम यशवंत गायधनी, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार बिन महमूद, दोहा, मूळ राहणार नाशिक. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात आज स्वतः हजर होऊन सांगतो ते असे. मला हिंदी व इंग्रजी चांगले येते. परंतु बायकोविषयी पोलिसांना सांगायचे तर मराठीतच सांगेन, असा मी हट्ट धरला. त्यावरून ठाण्यातील दुभाषी हमीद, मूळ दापोलीचे, हे माझे बोलणे आधी मराठीत उतरवून घेत आहेत व नंतर अधिकाऱ्यांसाठी त्याची अरबी प्रत करणार आहेत.

मी एका गॅस कंपनीच्या वेस्ट बे येथील ऑफिसात जहाजांचे वेळापत्रक बघतो. गॅस भरून जहाज कधी सुटेल व कोणत्या बंदराला कधी लागेल, हे माझे काम. त्यात तैवानची बंदरेही येतात. नावे मला तोंडपाठ आहेत, पाहिलेले एकही नाही. माझी पत्नी सौ. सुचित्रा, वय ५२, मला वरचेवर टोमणा मारते की, तुमचा गॅससुद्धा तैवानला पोचला, तुम्ही कधी पोचणार. यंदा अखेर आम्ही दोघांचे व्हिसा व तिकिटे काढली. निघायच्या आदल्या आठवड्यात सहकारी आजारी पडला आणि माझी रजा रद्द झाली. त्याला कोणाचाच इलाज नव्हता. मी सुचित्राला म्हणालो, तू तरी जाऊन ये. ती एकटी जाणार नाही अशी माझी खात्री होती. ती गेली.

सुचित्रा वेंगुर्ल्याची आहे. मासे म्हणजे तिचा जीव की प्राण. मी शाकाहारी असल्याने आमच्या घरी मासा शिजत नाही. तिला फारच इच्छा झाली तर ती जैतून नावाच्या मैत्रिणीकडे जाऊन खाऊन येते. तेव्हा बंदराच्या गावांत ती मनसोक्त जेवणार हे मी गृहीत धरले होते. रोज ती मला जेवणाचा फोटो पाठवत असे. मी मीटिंगमध्ये असलो तर उत्तरादाखल अंगठा पाठवत असे. मीटिंगमध्ये मी बहुधा असतोच.

आज सकाळी तिचे विमान आले. मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो. सगळे प्रवासी बाहेर पडले, मागून बॅगा ओढत विमानातले कर्मचारीही गेले. सुचित्रा आली नाही. तिचा मोबाइल बंद होता. मुलगी नमिता टोरांटोला असते, तिला झोपेतून उठवले. ती म्हणाली, "बाबा, चिल." मला ते जमले नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर कोणी दाद देईना, म्हणून मी थेट येथे आलो. येथून चौकशी केल्यावर समजले की, ती तैवानहून विमानात चढलीच नाही.

अधिकाऱ्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. भांडण झाले होते का, तिची प्रकृती बरी होती का, तिच्यासोबत तिकडे कोणी होते का. पहिल्या दोन्हींची उत्तरे मी लगेच दिली. तिसऱ्याला वेळ लागला.

तिच्या प्रत्येक फोटोत दोन माणसांचे जेवण आहे. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी कोणाशी बोललो नाही. तिलाही विचारले नाही. विचारले आणि तिने सरळ सांगून टाकले तर काय करायचे, अशी भीती वाटली. तेव्हापासून माझे कामात चित्त नाही. तिच्यासोबत कोणीतरी आहे व त्याच्यामुळे ती परतली नाही, असा माझा संशय आहे.

फोटो कागदाला टाचता येत नाही, तेव्हा त्यात काय दिसते ते एकेक करून बोलून लिहून द्यावे, अशी येथील पद्धत असल्याचे हमीद यांनी सांगितले. त्याप्रमाणे सांगतो.

पहिला फोटो कीलुंग बंदराचा. देवळासमोरच्या गल्लीत खाण्याच्या गाड्या, वर ओळीने पिवळे कंदील, खाली रस्ता ओला. तिकडे सदा पाऊस, असे तिने लिहिले आहे. टेबलावर खेकड्याचा दाट रस्सा. शेजारी दुसरा वाडगा, त्यात अळकुड्यांच्या गोड गोळ्या. तो कोणापुढे ठेवला आहे ते दिसत नाही.

दुसरा लुकांगचा. हेही एके काळी मोठे बंदर होते. गाळ साचला, समुद्र मागे हटला आणि गाव तेथेच राहिले. विटांच्या भिंतींमधून इतकी अरुंद गल्ली आहे की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. ताटलीत कालवं घातलेला पोळा. दुसऱ्या ताटलीत नूडल्स, वर भाजी आणि सोयाचे पनीर. त्यात मांस आहे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी फोटो मोठा करून पाहिला. नव्हते.

तिसरा ताइनानचा. तेथे डचांचा जुना किल्ला आहे, त्याच्या भिंतीवरून वडाची मुळे खाली उतरली आहेत. सकाळची वेळ. भाताची पेज, तिच्यात मासा. आईच्या हातची आठवली, असे तिने लिहिले आहे. शेजारी भाज्यांच्या सूपचा वाडगा. त्यातली अळंबी चमच्याने वेचून बाजूला झाकणावर काढून ठेवलेली आहे.

अळंबी मी खात नाही. लग्नकार्यात, हॉटेलात, कुठेही जेवायला बसलो की माझ्या ताटातली अळंबी सुचित्रा गुपचूप काढून घेते. मला सांगावे लागत नाही. हे करणारे दुसरे माणूस जगात नाही.

(येथे जबाब देणार यांनी तिसरा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. त्यांना पाणी देण्यात आले. नंतर पुढे सुरू.)

उरलेले फोटो मी सांगितले नाहीत. अधिकाऱ्यांनीही मागितले नाहीत. ते अरबी प्रतीसाठी कागद शोधत होते, तेवढ्यात माझ्या ऑफिसच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे सुचित्रा होती. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मी स्पीकर लावला.

जेवलात का, हे तिने पहिले विचारले. मी पोलीस ठाण्यात आहे म्हटल्यावर ती हसली. तिने सांगितलेली हकिकत अशी की, काओशुंग बंदरात फेरीबोटीतून फोटो काढताना तिचा मोबाइल पाण्यात पडला. घरच्या फोनशिवाय तिला एकही नंबर पाठ नाही, आणि घरी मी नव्हतो. शेवटी हॉटेलवाल्यांनी माझ्या ऑफिसचा नंबर शोधून दिला व ऑफिसने मला जोडून दिले. तिकीट मात्र तिने स्वतः, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय पुढे ढकलले आहे. मी का म्हणून विचारले.

"अहो, दोघांचं मागवायचं आणि दोन्ही मीच संपवायचं, किती दिवस करू? तुमचं तुम्ही येऊन खा की."

हे वाक्य हमीद यांनी अरबीत सांगितले तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. मी तिला म्हणालो, "येतो. तिथून हलू नकोस."

मला तिची फार आठवण येत होती. हे तपासाच्या दृष्टीने आवश्यक नाही असे हमीद यांचे म्हणणे पडले. मी ते लिहायला लावले आहे. माझा व्हिसा अजून चालू आहे. ऑफिसात मी रजा मागितलेली नाही, कळवली आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

संशयाचा परिच्छेद काढून टाकावा, अशी मी विनंती केली. एकदा लिहिलेले काढता येत नाही, असे सांगण्यात आले. अधिकारी स्वतः मला म्हणाले, "खलास. यल्ला, निघा आता, विमान बघा."

हमीद यांनी हे सर्व मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवले. तो एक परिच्छेद खोटा आहे. बाकी सर्व मी सांगितले तसे उतरले असून खरे आहे.

सही/-
श्याम यशवंत गायधनी