नेडीनसाठीचं जेवण

—नाही नाही, बटाटा खाली, नूडल्स त्याच्यावर. आमच्याकडे असंच खातात. तुम्ही बाहेरचे दिसता, हायवेवरची पाटी बघून वळलात ना? वळतात असे एखाददुसरे. बसा की. हे जेवण नेडीनच्या इलाजासाठी आहे—नेडीन म्हणजे माझी बायको. मी वेंडल. पैशांची बरणी दाराशी ठेवलीय, वाटलं तर टाका, नाही वाटलं तरी पोटभर जेवा. आमच्या गावात कुणी आजारी पडलं की फायर हॉलमधला बंब बाहेर काढायचा, टेबलं मांडायची, बायकांनी कोंबड्या शिजवायच्या आणि अख्ख्या गावाने जेवून जायचं. माझ्या बापाच्या वेळीही हेच केलं होतं. ग्रेव्ही घालू?

छातीत गाठ आहे तिच्या. मे महिन्यात कळलं. विमा? नाही, विमा नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, इथे कुणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. माझं गवत कापायची मशिनं दुरुस्त करायचं दुकान—नोकरी असली तर मालक विमा देतो, स्वतःच्याच दुकानात कोण देणार? होता एक, हप्ता झेपेना म्हणून कधीच सोडला. मग वॉशिंग्टनवाल्यांनी तो कायदा आणला, प्रत्येकाने विमा घ्यायचाच, नाहीतर दंड भरा. माझं डोकं फिरलं. म्हणजे तेव्हा फिरायचं, आता काही होत नाही. आम्ही म्हटलं, थांबा, आपल्या ओहायो राज्याच्या घटनेतच लिहून टाकतो, की इथे कुणालाही विम्यासाठी भाग पाडता येणार नाही. आता घटना बदलायची म्हणजे आधी लोकांच्या सह्या लागतात, मग मतदान. उन्हाळाभर जत्रेत उभा होतो मी, डुकरांच्या मांडवाबाहेर, सह्या घेत. लोक विचारायचे, विमा नसला आणि दुखणं आलं तर? मी काय सांगायचो? हेच सांगायचो, हे जेवण. आपली माणसं आपण सांभाळतो, सरकार कशाला हवं? पटायचं लोकांना. तो पाव वाढतोय ना तिकडे, डेल, त्याने सही केली. त्याच्या बायकोने केली. इथे बसलेल्या बहुतेकांनी केली.

मतदान? जिंकलो ना. दणकून जिंकलो. घटनेत गेलं ते, आजही आहे. उपयोग? उपयोग काय, देशाचा कायदा राज्याच्या वर असतो म्हणतात. दंड होता तिथेच राहिला. वकील टीव्हीवर आधीपासून सांगत होते की असं होणार—मी टीव्ही बंद करायचो. पण मला वाटायचं, लिहिलंय ना आपण, मग आपल्याला कोण हात लावतो? थोडी ग्रेव्ही घ्या, सुकं का खाताय?

तर या वर्षी विमा घ्यायची मुदत मार्चअखेर संपत होती. लायब्ररीत विम्याचे फॉर्म भरून देतात, नेडीन तिथे जाऊन चौकशी करून आली. आमची कमाई बेताची, हप्त्यातला मोठा वाटा सरकारच भरणार होतं. म्हणाली, वेंडल, घेऊन टाकू या. मी म्हटलं, आणि गावात तोंड कसं दाखवू? जत्रेत उभं राहून सह्या घेतल्यात मी. नेडीन भांडत नाही कधी. मुदत संपली, आणि मेमध्ये गाठ. आता नवा विमा थेट जानेवारीपासून लागू होणार. डॉक्टर म्हणतात तोवर थांबू नका, दवाखाना म्हणतो आधी काहीतरी भरा. म्हणून हे. डेल मघाशी माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. मी रडेन असं वाटलं असावं त्याला. रडू नाही येत हो. सकाळपासून नुसता वाढतोय.

ती? ती बाहेर आहे, निळ्या पिकअपमध्ये. आत येत नाही. येताना म्हणाली, मला नको हे जेवण. मी म्हटलं, अगं, आपलीच माणसं आहेत. तर म्हणाली—आवाज नाही चढवला हं, खिडकीबाहेर बघत म्हणाली—"तुम्ही घटनेत लिहिलंत ना, कुणाला भाग पाडायचं नाही म्हणून? मला घ्यायचा होता विमा, वेंडल. न घ्यायला तू भाग पाडलंस." मी गाडी चालवत होतो. सिग्नल लागला, थांबलो. हिरवा झाला, निघालो.

निघालात? मग एवढं करा, जाता जाता ही ताटली तिला द्या. कालपासून पोटात काही नाही तिच्या. ग्रेव्ही कमी घातलीय, तिला तशीच लागते. नाही, मी नाही येत. माझ्या हातून घेत नाही ती. जा तुम्ही, निवतंय.