गोंदातला अंगठा

संगणक-दुरुस्तीच्या दुकानात पाळीची वाट पाहत बसलेल्या वृद्ध शास्त्रीबुवांच्या कानी पुढच्या बाईंचे दुरुस्ती करणाऱ्या तरुणाशी चाललेले संभाषण पडत होते.

"काकू, आतला पंख्याचा जुना कूलर निघाला, पण त्याची पट्टी मदरबोर्डाला घोरपडीसारखी चिकटलीय. कुणी एवढा गोंद लावला?"

"माझ्या लेकानं. त्याचं काहीच हात राखून नसे."

"त्यांनाच पाठवायचं ना मग सोडवायला!"

"गेला तो, बाळा. वर्ष झालं."

"माफ करा, काकू. चुकलो."

"असू दे. पट्टी तशीच ठेवता नाही येणार?"

"नवा कूलर तिच्यावर बसत नाही. गरम हवा दिली की गोंद लगेच सुटेल."

"आणि हे पट्टीच्या कोपऱ्यात काय उमटलंय?"

"पट्टीवर आलेल्या ओल्या गोंदावर अंगठा दाबला असेल त्यांनी."

"गरम केल्यावर राहील हा?"

"नाही, वितळेल."

"दुसरा उपाय?"

"पट्टीखालून दोरा ओढत गोंद हळूहळू कापायचा. ठसा पट्टीवरच राहील. पण वेळ फार लागेल, अन् हे आजोबा केव्हाचे ताटकळलेत."

शास्त्रीबुवांनी मांडीवरचा आपला संगणक अलगद खाली ठेवला.

"दोरा घे, बाळा. मी उद्या येतो."